उजव्या कडेची करवली

नाशिक, १० ऑगस्ट

शेखरदादा, नमस्कार.

मी हर्षाली, अभोण्याच्या पुंजाभाऊंची मुलगी. माझी आई कुसाबाई आणि तुमच्या आई नवसामावशी या मावसबहिणी, म्हणजे नात्याने तुम्ही माझे भाऊच. पण आपली भेट एकदाच झाली, माझ्या मामाच्या लग्नात. तुम्ही फोटो काढत होता आणि मी सारखी मध्ये येत होते, म्हणून तुम्ही मला उचलून खुर्चीवर उभं केलं होतं. तुम्हाला आठवणार नाही.

तुम्ही तुमचा कॅमेरा विकणार आहात असं आई म्हणाली. मला कॅमेरा घ्यायचा आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे याचा राग मानू नका. ज्या ऑफिसात मी कामाला होते तिथल्या साहेबांनी फोनवर मला एक शब्द दिला होता. नंतर म्हणाले, "मी असं कधी म्हणालो?" तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं मी कागदावर करते. तुम्हीही कागदावरच उत्तर द्यावं ही विनंती.

ती नोकरी मी जूनमध्ये सोडली. दोन वर्षं रविवारी एका फोटोग्राफर बाईंच्या हाताखाली काम केलं, आता स्वतःचं सुरू करायचं आहे. पहिलं काम मिळालं आहे. माझी मैत्रीण सृष्टी हिचं लग्न डिसेंबरात आहे आणि तिने घरच्यांशी वाद घालून फोटोचं काम मला दिलं. लग्न एकदाच लागतं. हार घालताना कॅमेरा अडकला तर "पुन्हा घाला" असं मी म्हणू शकणार नाही. आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिली. नोकरी सोडली तेव्हा गावात लोक वडिलांना विचारत होते, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना. वडील सगळ्यांना एकच सांगत होते, "तिला कळतं." ते खोटं ठरू नये म्हणून मी इतकी घाबरते.

अडचण अशी आहे. इथे द्वारका चौकाजवळ राकेश नावाचा एक दुकानदार जुने कॅमेरे विकतो. त्याच्याकडे अगदी तुमच्यासारखाच कॅमेरा आहे. तीच कंपनी, तेच मॉडेल, लेन्सही तीच. किमतीतही फारसा फरक नाही. दोन वस्तू इतक्या सारख्या असल्या की निवडायचं कशावरून, हेच मला समजत नाही. म्हणून विचारते. तुमचा कॅमेरा कधी पडला आहे का? पाण्यात भिजला आहे का? दुरुस्तीला गेला होता का? आणि विचारणं बरं दिसत नाही, पण चांगला चालत असेल तर विकता का?

आपली,
हर्षाली

&nbsp;

कळवण, १६ ऑगस्ट

चि. हर्षालीस,

पोस्टमन दारात बघून आई घाबरली. "कोण गेलं रे?" म्हणाली. मी म्हटलं, कोणी गेलं नाही, कुसामावशीच्या पोरीला कॅमेरा पाहिजे. तर म्हणते, "मग फोन नाय का तिच्याकडं?"

तू चांगली आठवतेस. खुर्चीवर उभं केल्यावर पहिलं काय म्हणालीस माहितीये? "ही हलते का बघा ना." काही बदललेली दिसत नाहीस.

आता उत्तरं. मागच्या काचेवर ओरखडा आहे. फोटो पाहायचं बटण दोनदा दाबावं लागतं. पकडायच्या जागचं रबर सुटलं होतं, ते मी चिकटवलं. पडला नाही. भिजला नाही. विकतोय कारण कंटाळा आला. वीस वर्षं लोकांच्या लग्नात उपाशी उभा राहिलो, आता त्यांचे भाचे मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभे राहतात आणि वरून अल्बमला नावं ठेवतात. त्यापेक्षा कांदे साठवायच्या चाळीकडे लक्ष दिलेलं बरं.

चार्जर, दोन बॅटऱ्या, बॅग, सगळं देईन. गळ्यात अडकवायचा पट्टा देणार नाही. तो नवा घे.

ये एकदा. आई रोज विचारते, ती कागदवाली पोरगी कधी येणार.

तुझा,
शेखरदादा

&nbsp;

नाशिक, २२ ऑगस्ट

शेखरदादा, नमस्कार.

उत्तर लगेच दिलंत, बरं वाटलं. पण रात्री पत्र पुन्हा वाचलं आणि दोन गोष्टी मनात राहिल्या. त्याआधी राकेशकडचं सांगते.

काल पुन्हा गेले होते. त्याचा कॅमेरा फार स्वच्छ आहे. इतका की मला तेच खटकलं. वापरलेल्या वस्तूच्या खाचांत थोडी तरी धूळ असते. मी म्हटलं, हा आधी कोणाचा होता? तो म्हणाला, "एका डॉक्टरांचा. हौशी माणूस. कपाटातच होता." मी म्हटलं, डॉक्टरांचं नाव काय? तर हसून बाजूच्या माणसाला म्हणतो, "कॅमेरा बघायला आल्यात की मुलगा बघायला?" बाहेर नेऊन फोटो काढून बघू का, असं विचारलं तर म्हणाला, "दुकानात काढा ना ताई, बाहेर काय वेगळा उजेड आहे का?" वेगळाच असतो, हे त्यालाही माहीत आहे. खालच्या बाजूचं एक स्टिकर खरवडलेलं आहे. विचारल्यावर म्हणाला, "डॉक्टरांच्या मुलाने काढलं असेल." प्रत्येक उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही तीन दोष आपण होऊन सांगितलेत. मी हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाजारात जो माणूस बैलाच्या बारीक खोडी भराभर सांगतो, त्याच्या बैलाचे पाय आधी बघावेत. मग हसले आणि म्हणाले, "पण शेखर तसा नाय." त्यांचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

दुसरं म्हणजे पट्टा. सगळं देता आणि पट्टाच का नाही? मी मोबाइलवर वाचलं की चोरीचा कॅमेरा ओळखायचा असेल तर त्याच्यासोबत काय काय नाही ते बघा. तुम्ही चोरी केली असं मी म्हणत नाही. पण तुम्हीही कोणाकडून घेतलेला असेल. त्या पट्ट्यावर दुसऱ्या कोणाचं नाव आहे का?

हर्षाली

&nbsp;

कळवण, २९ ऑगस्ट

चि. हर्षाली,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. पट्ट्याचं आलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

अगं शहाणे, तू कोणाची पोर आहेस? पुंजाभाऊंनी एवढी जनावरं विकली, एकदा तरी दाव्यासकट विकलं का? विचार त्यांना. जनावर द्यायचं, दावं आपल्या गोठ्यात ठेवायचं, म्हणजे गोठा रिकामा होत नाही. ह्या कॅमेऱ्यावर माझं घर चाललं. साक्षीच्या बाळंतपणाचा दवाखाना झाला, रुद्रची शाळा झाली. तो देताना मी पट्टा खुंटीला टांगून ठेवणार. मोबाइलवर हे लिहिलेलं नसेल.

त्या डॉक्टरचं नाव मात्र विचारत राहा. राकेशला थोडा त्रास झालेला मला आवडेल.

पोळा झाला, आता जरा मोकळा आहे. रविवारी ये, कळवून ये म्हणजे मी घरी राहीन. स्वतःच्या हाताने फोटो काढून बघ. पाहिजे तर आईचे दातही मोज.

शेखरदादा

&nbsp;

नाशिक, ९ सप्टेंबर

शेखरदादा,

मी शनिवारी तुमच्या घरी येऊन गेले हे तुम्हाला कळलंच असेल. रविवारी बोलावलं असताना शनिवारी न कळवता आले, ते ठरवून. सांगून गेलं की माणूस वस्तू पुसून ठेवतो. तुम्ही सटाण्याला डोहाळजेवणाच्या कामाला गेला होता आणि कॅमेरा तुमच्याबरोबर होता. नवसामावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. साक्षीवहिनींनी स्टुडिओ उघडून दाखवला. पुढचं लिहिताना मला चांगलं वाटत नाही. पण गोड बोलून गप्प बसले तर मी तुमच्याशी खोटं वागेन.

पट्ट्याबद्दल माझं चुकलं. वडिलांनीही तेच सांगितलं आणि वर म्हणाले, "हे तुला ठाऊक नव्हतं?" मला लाज वाटली.

पण वहिनींना मी सहज विचारलं, कॅमेरा कधी पडला होता का. त्या म्हणाल्या, "पडला की. चैत्राच्या यात्रेत, देवीच्या गडावर. गर्दीत कोणाचा धक्का लागला आणि पायरीवर आपटला. यांना दोन दिवस जेवण गेलं नाही." तुम्ही मला लिहून दिलं होतं, पडला नाही.

मग मी अल्बम पाहिले. फळीवर एक नवा अल्बम प्लास्टिकमध्ये होता. वहिनी म्हणाल्या, भिमाजीअण्णांच्या मुलीच्या लग्नाचा, वैशाखातला, त्यांनी परत आणून ठेवला. का, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. "लोकांना नावं ठेवायचीच असतात," म्हणाल्या. मी तो पहिल्या पानापासून पाहिला. स्टेजवर नवरा, त्याच्या शेजारी नवरी आणि नवरीच्या पलीकडे, फोटोच्या उजव्या कडेला, करवली. नवरीची धाकटी बहीण असावी. हातात करा. एकाही फोटोत ती पूर्ण नाही. कुठे अर्धा चेहरा आणि एक कानातलं आलं आहे, कुठे करा धरलेला नुसता हात. पाहुणे येतात, जातात, डावीकडचा माणूस नीट असतो, आणि करवली कापलेली. दादा, मी दोनदा करवली झाले आहे. नवरीच्या मागे दिवसभर तो करा सांभाळत उभं राहायचं, खाली ठेवायचा नाही, बसायचं नाही. त्या मुलीला अल्बममध्ये स्वतःचा फक्त हात सापडला. तो परत का आला हे मला लगेच कळलं.

आणखी दोन अल्बम काढले. तिथेही उजवी कड तुटलेली. एकात मामा, एकात नवरदेवाची आजी.

तुमच्यासारखा मुरलेला माणूस इतक्या वेळा एकच चूक करणार नाही. म्हणजे चूक कॅमेऱ्याची. त्याच्या आत लहान आरसा असतो आणि छोट्या खिडकीतून आपल्याला दिसतं ते त्या आरशातलं. आपटल्यावर आरसा सरकला, की आपल्याला दिसतं एक आणि फोटोत येतं दुसरं. तुम्हाला खिडकीत करवली दिसत असणार आणि फोटोत ती येत नसणार. हे तुमच्या लक्षात आलं नाही यावर माझा विश्वास बसत नाही. लक्षात आलं, म्हणूनच तुम्ही काम सोडताय. आणि तोच कॅमेरा घरच्याच मुलीला मुद्दाम देताय, कारण ती भांडायला येणार नाही.

चुकत असेन तर सांगा. मला चुकायलाच आवडेल.

हर्षाली

&nbsp;

नाशिक, २६ सप्टेंबर

शेखरदादा,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं आधी वाटलं. मग नवसामावशींचा आईला फोन आला. काय बोलणं झालं ते आई सांगत नाही. मला एवढंच म्हणाली, "त्यांच्या ताटात जेवलीस आणि घरी येऊन असं लिहिलंस?" दोन दिवस ती माझ्याशी धड बोलत नव्हती. वडील म्हणाले, "चूक असंल तर कळंल, बरोबर असंल तरी कळंल. थांब." मला थांबता येत नाही.

राकेशने सोमवारी निरोप पाठवला की दुसरं गिऱ्हाईक आलं आहे. तो खोटं बोलतो असं वाटलं, तरी गेले. खरंच एक मुलगा कॅमेरा हातात घेऊन उभा होता. तोही राकेशचाच माणूस असेल, सांगता येत नाही. शेवटी मी घेतला. राकेश म्हणाला, "अभिनंदन ताई, आता डॉक्टरांचं नाव सांगू का?" मी म्हटलं, सांगा. तर म्हणतो, "विसरलो."

घरी आणून गच्चीवर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या, अगदी दोन्ही कडांपर्यंत, आणि फोटो काढले. सगळ्या बाटल्या आल्या. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आत बघून सांगितलं, "काही झालेलं नाही याला." मी विचारलं, काहीच कसं नाही? तो वैतागला. मलाही कळतं की मी वैताग आणते. पण चांगल्या वस्तूत दोष सापडत नाही तोवर मला झोप येत नाही, आणि सापडला तर येणारच नाही.

तुमच्याकडून घेतला नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहिलं. रागावून का होईना, एक ओळ लिहा.

हर्षाली

&nbsp;

कळवण, ८ ऑक्टोबर

हर्षालीताई,

मी साक्षी. हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. मला पत्राची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं ते मोठं पत्र यांनी दारातच उभं राहून वाचलं. मग मला म्हणाले, "तू कशाला सांगितलंस पडल्याचं?" मी म्हटलं, मला काय माहीत लपवायचं होतं. ताई, ते लपवलं हे खरं आहे. दुरुस्तीवाल्याने तेव्हाच काही झालं नाही म्हणून सांगितलं होतं. पण वीस वर्षांत एकही कॅमेरा हातातून पडला नाही अशी यांची ऐट होती, ती मोडली म्हणून सांगितलं नाही. तुम्हाला फसवायला नाही.

चार दिवस आमचं बोलणं बंद. मग एका सकाळी म्हणाले, सगळे अंगणात या, त्या पोरीला दाखवतोच. डावीकडे रुद्रला उभा केला, मध्ये मला आणि उजवीकडे खाटेवर सासूबाईंना बसवलं. फोटो काढला. "आले सगळे. बघ." मी बघितलं. सासूबाईंचा नुसता एक गुडघा आणि लुगड्याचा काठ आलेला.

"आई, तू हललीस."

"मी कशाला हलू? बस म्हणालास, बसलेय."

पुन्हा काढला. पुन्हा तेच. तेव्हा यांचा चेहरा बघवेना. मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं. आरसाच सरकलाय." कॅमेरा माझ्या हातात दिला, म्हणाले, तू काढ, तुझाही तसाच येईल. मला नीट धरताही येत नाही. पण काढला, आणि त्यात सासूबाई पूर्ण आल्या, खाटेच्या पायासकट, मागच्या तुळशीसकट. यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला.

ताई, हे लहानपणापासून डाव्या डोळ्याने कॅमेऱ्यात बघतात. मग यांनी कॅमेरा खाली ठेवला, उजव्या डोळ्यावर हात धरला आणि नुसतेच समोर बघत उभे राहिले. मला हळूच म्हणाले, "साक्षी, आई उठून गेली का?" सासूबाई खाटेवरच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. "मी हितंच हाय रे," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात आलो. तिथे एका यंत्रात तोंड घालून बसवतात. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. थोड्या वेळाने यांनी सिस्टरला विचारलं, "मशीन बंद पडलं का हो? दिवे लागत नाहीत." ती म्हणाली, लागतायत काका, तुम्ही बघत राहा. मी मागे उभी होते. मला सगळं कळलं.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची उजवीकडची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उजव्या डोळ्याला नुकती सुरुवात आहे. रोज थेंब घालायचे, म्हणजे आहे ती राहील. डॉक्टर म्हणाले, यात दुखत नाही, खुपत नाही, दोन्ही डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं भरून काढतो, म्हणून माणसाला कळतच नाही. फार उशिरा येतात लोक. तुम्हाला कसं कळलं? मी पिशवीतून भिमाजीअण्णांचा अल्बम काढून दिला.

घरी येऊन आम्ही जुने अल्बम काढले. गडावर पडायच्या आधीचेही तसेच आहेत, थोडे थोडे. ते तुमच्या पाहण्यात आले नव्हते.

नाशिकला होतो तरी तुमच्याकडे आलो नाही. हे नको म्हणाले. रागावलेत का, मला कळत नाही. काल एकटेच भिमाजीअण्णांकडे जाऊन आले. त्या मुलीला हात जोडले म्हणे. ती म्हणाली, "जाऊ द्या काका, हात तरी चांगला आलाय."

तुमची,
साक्षीवहिनी

&nbsp;

नाशिक, १३ ऑक्टोबर

शेखरदादा,

वहिनींचं पत्र आलं. उत्तर तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही फसवता असं मी लिहिलं. ते चूक होतं. माफी मागते. कॅमेरा पडल्याचं तुम्ही लपवलं हे चूक नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ते सांगितलं असतंत तर मी कदाचित इतका राग धरला नसता. पण मग अल्बम इतक्या बारकाईने पाहिलेही नसते. हे दोन्ही मी मनात उलटसुलट करून पाहिलं. काय झालं असतं तर बरं झालं असतं, हे मला ठरवता येत नाही. तुमचं भलं व्हावं म्हणून मी शंका घेतली नव्हती. त्यामुळे वहिनींनी त्याबद्दल मला चांगलं म्हणू नये.

आता कामाचं. राकेशचा कॅमेरा ठीक आहे. अजून तरी. पण परवा मी एका बारशाचे फोटो काढायला गेले. बाळाला पाळण्यात घालताना मी बाळाच्या आईकडे बघत होते, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूला आत्याने कानात नाव सांगून टाकलं. ते सुटलं. कॅमेरा चांगला होता, दोष कशातच नव्हता. मी एकटी होते, एवढंच. बारसं लहान असतं. सृष्टीच्या लग्नात स्टेजवर हार पडत असेल तेव्हा खाली तिचे वडील तोंड फिरवून डोळे पुसत असतील, आणि मी एकाच जागी असेन. त्या फोटोग्राफर बाईंच्या हाताखाली मी होते तेव्हा मुख्य फोटो त्या काढायच्या. मी दुसरी होते. पहिली होण्यासाठी दुसरं कोणीतरी लागतं, हे नोकरी सोडताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तुम्ही याल का? तुमचा कॅमेरा घेऊन. दोन्ही अगदी सारखे आहेत, त्यामुळे कोणाचा फोटो कोणता ते अल्बममध्ये कळणारही नाही.

हे मी दया म्हणून विचारत नाही. मला गरज आहे म्हणून विचारते. सृष्टीपासून काही लपवलेलं नाही. तुमच्या डोळ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "दोघांचे मिळून चार ना? त्यातला एक अर्धा. साडेतीन पुष्कळ झाले." तिच्या आईला सांगू का विचारलं, तर म्हणाली, आईला सांगितलंस तर लग्नच पुढे ढकलेल.

मात्र एक आधीच सांगते, नंतर वाईट वाटायला नको. तुम्ही काढलेला प्रत्येक फोटो मी तिथल्या तिथे तपासेन. उजवी कड आधी. तुमचा मान राखायचा म्हणून मी ते सोडणार नाही, आणि तुमच्या पाठीमागेही करणार नाही. हे चालणार नसेल तर नाही म्हणा. मला पटेल.

हर्षाली

&nbsp;

कळवण, २५ ऑक्टोबर

चि. हर्षाली,

राग आला होता. कॅमेऱ्यात दोष काढलास त्याचा नाही, तो तर गिऱ्हाइकाचा हक्क. "मुद्दाम" लिहिलंस त्याचा. ते वाचून मी साक्षीला म्हटलं, शिकली पण माणूस ओळखता येत नाही हिला. मग अंगणात आई दिसेना. तेव्हा कळलं की इथे माझंच मला ओळखता आलेलं नाही. दीड-दोन वर्षं लोक अल्बम घेऊन येत होते आणि मी त्यांनाच बोलत होतो. एका बाईला तर म्हणालो, तुम्हीच कडेला उभ्या राहिलात. त्या बाईचं घर शोधतोय, गाव आठवत नाही.

थेंब रोज घालतो. साक्षी समोर उभी राहते, आई मोजते, आणि दोघींचा आकडा जमत नाही.

दिवाळीत उजव्या डोळ्याने बघायला शिकायला घेतलं. तुला हसू येईल, पण सगळ्यात मोठी अडचण नाकाची आहे. डावा डोळा लावला की नाक एका बाजूला टेकायचं, आता ते दुसऱ्या बाजूला घासतं आणि मागच्या काचेवर नवा डाग पडतो. हात चुकीच्या बाजूला जातो. चाळीसाव्या वर्षी बाराखडी गिरवल्यासारखं वाटतं. रुद्रने किल्ला केला होता, त्याचे फोटो काढत बसलो. पहिल्या दिवशी बुरूजच गेला. रुद्र म्हणाला, "पप्पा, हे तर मावळे पण आले नाहीत." काल सगळे आले. त्याने मोजले, मग मी मोजले.

कॅमेरा विकायचा नाही. चाळीकडे बघायला भाऊ आहे.

येतो. तपासणीचं लिहिलंस ते बरं केलंस. लिहिलं नसतंस तर मीच मागणार होतो. घरात आता सगळे मला जपतात. फोटो दाखवला की आई म्हणते छान, साक्षी म्हणते छान, आणि त्यातलं खरं कोणतं ते मला कळत नाही. मला असं कोणीतरी शेजारी पाहिजे जे छान म्हणणार नाही. फोटो काढला की कॅमेरा तुझ्या हातात देईन. काही राहिलं असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर सांग. स्टेजवरच्या लोकांना मी पुन्हा उभं करीन, ते मला जमतं, त्यात मी कोणाला ऐकत नाही. हार घालताना मात्र तू पुढे राहा. तिथे मी मागे उभा राहून सृष्टीच्या वडिलांकडे बघतो.

आणि पहिल्या कामात एखादा फोटो सुटेल. माझ्या पहिल्या लग्नात अख्खी सप्तपदी सुटली होती, फ्लॅशची पिन शोधत होतो. त्या जोडप्याला दोन पोरं झाली, अजून मला जेवायला बोलावतात.

आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने निघेन. द्वारकेला उतरतो. न्यायला ये. रस्ता मला चांगला दिसतो. तरी ये.

शेखरदादा